डोळे एकीकडे, बाण दुसरीकडे

मागच्या अंकात मी लक्षाविषयी लिहिलं होतं: आपण लक्ष वळवतो किती आणि ते आपोआप वळतं किती. त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. समोरच्यानं एक खूण केली, घडलं भलतंच, आणि आपण क्षणभर अडकलो. मिरजेत वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मज्जासंस्था हा माझा सर्वांत आवडता भाग होता. त्यामुळे या वेळी प्रश्न मोजके घेतले आहेत आणि त्यांना जागा सढळ दिली आहे.

प्रश्न : मॅडम, मी मिरजेहून रोज स्कूटरनं विश्रामबागला नोकरीला येते. परवा माझ्यापुढं वडापची, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणारी, रिक्षा होती. तिचा उजवा इंडिकेटर चालू होता म्हणून मी डावीकडून पुढं निघाले. तेवढ्यात रिक्षावाल्यानं मान डावीकडं वळवून कडेला उभ्या असलेल्या बाईंकडं बघितलं. मला ते दिसलं. तरी माझा हात ब्रेकवर गेला नाही. रिक्षा डावीकडं आलीच, मी कशीबशी वाचले. घरी सगळे म्हणतात, तुझं लक्ष नसतं. पण लक्ष होतं हो! मग हात का थिजले?

उत्तर : तुमचं लक्ष होतं. लक्ष नसतं तर रिक्षावाल्याची मान वळलेली तुम्हाला दिसलीच नसती आणि तुम्ही अडखळलाही नसता. अडखळलात, कारण एकाच क्षणी दोन खुणा आल्या आणि मेंदूनं दोन्ही मनावर घेतल्या.

खुणेमागे लक्ष किती लवकर वळतं हे मोजायची पद्धत अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे मायकेल पोस्नर यांनी रूढ केली. त्यांचा 1980 सालचा लेख आम्ही वर्गात नेहमी घ्यायचो. पडद्याच्या मध्यावर बाण दिसतो, मग डावीकडे किंवा उजवीकडे ठिपका उमटतो, आणि ठिपका दिसताच बटण दाबायचं. बाणानं दाखवलेल्या बाजूला ठिपका आला तर माणूस लवकर दाबतो, उलट बाजूला आला तर उशिरा. डोळे जागचे हललेले नसतात, तरी आतलं लक्ष आधीच तिकडे जाऊन बसलेलं असतं.

पुढे 1998 मध्ये फ्रीझन आणि किंगस्टोन या दोन संशोधकांनी बाण काढून तिथे एक साधा चेहरा ठेवला. गोल, दोन डोळे, नाक, तोंड, एखाद्या मुलानं पाटीवर काढावा तसा. बुबुळं कधी डावीकडे, कधी उजवीकडे. भाग घेणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की या नजरेला काही अर्थ नाही, वस्तू कुठेही उमटू शकते. तरीही नजर जिकडे, तिकडचा प्रतिसाद लवकर आला. नजर वळल्यापासून साधारण एक दशांश सेकंदातच हा फरक दिसू लागला. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या जॉन ड्रायव्हर यांच्या गटानं आणखी कडक परीक्षा घेतली. चेहरा जिकडे बघेल त्याच्या उलट बाजूला अक्षर येण्याची शक्यता चौपट आहे, असं लोकांना स्पष्ट सांगितलं. म्हणजे नजरेच्या विरुद्ध बाजूला लक्ष ठेवण्यातच त्यांचा फायदा होता. तरीसुद्धा पहिल्या काही दशांश सेकंदांत लक्ष नजरेमागेच गेलं.

म्हणून 'मी ठरवलं असतं तर मान बघितलीच नसती' असं स्वतःला म्हणू नका. ठरवणं उशिरा पोचतं. हे वळणं ठरवण्याच्या आधीचं आहे.

आता तुमच्या रस्त्यावर येऊ. इंडिकेटर म्हणजे बाण. बाणाकडेही आपण आपोआप वळतो, हे 2002 साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं. इंडिकेटरनं तुमच्या मेंदूत एक अंदाज बांधला: रिक्षा उजवीकडे जाणार, डावी बाजू मोकळी. तुमचे हात त्या अंदाजावर चालू लागले होते. मग चेहरा वळला आणि अंदाजाशी त्याचं जुळेना. असं झालं की मेंदूत काय होतं हे केव्हिन पेल्फ्री आणि सहकाऱ्यांनी 2003 साली एमआरआय यंत्रात बघितलं. कानाच्या वर, मेंदूच्या बाजूच्या भागात आडवी लांब खाच असते. दुसऱ्याची नजर, मान, हातवारे हे सगळं वाचण्याचं मोठं काम तिथे चालतं. त्यांच्या प्रयोगात पडद्यावरच्या चेहऱ्याशेजारी एक चौकट उमटायची आणि चेहरा कधी तिच्याकडे, तर कधी भलतीकडेच बघायचा. चौकटीकडे बघणं अपेक्षितच. भलतीकडे बघितलं की त्या खाचेतली हालचाल जास्त असायची. नजर दोन्ही वेळा तेवढीच वळायची, पण हा माणूस तिकडे का बघतोय याचा उलगडा करायला मेंदूला जास्त काम पडायचं.

असं काम पडलं की वेळ जातो. अनपेक्षित गोष्ट घडल्यावर सुमारे 300 मिलिसेकंदांनी मेंदूवरच्या विद्युत नोंदीत एक ठळक लाट उमटते. 1965 साली सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची नोंद प्रसिद्ध केली, आणि आजही मज्जाविज्ञानाच्या प्रयोगशाळांत तिचा उपयोग होतो. ताशी 40 किलोमीटर वेगानं तुमची स्कूटर सेकंदाला 11 मीटर जाते. अर्धा सेकंद विचारात गेला तर साडेपाच मीटर, म्हणजे दोन रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढं अंतर.

रस्त्यावरचंच एक संशोधन तुमच्या अनुभवाला फार जवळचं आहे. इंग्लंडमधल्या इयन वॉकर यांनी मोटार चालवणाऱ्यांना चौकातल्या सायकलस्वारांची चित्रं दाखवली आणि थांबायचं की निघायचं ते ठरवायला सांगितलं. सायकलस्वारानं हात दाखवला असेल तर त्याचा इरादा समजायला मदत होत होती, पण निर्णयाला वेळही जास्त लागत होता. पुढच्या अभ्यासात त्यांनी लोकांच्या डोळ्यांचा माग घेतला, तेव्हा दिसलं की नजर आधी सायकलस्वाराच्या चेहऱ्याकडे जाते. रस्त्यावर आपण वाहनं वाचत नाही, माणसं वाचतो. सांगली-मिरज रस्त्यावर तर वडापवाल्याची मान हाच खरा इंडिकेटर, हे तुमच्या आतल्या मेंदूला कधीच कळलेलं आहे.

मग करायचं काय? ऐन वेळी दोन पर्यायांतून निवड करावी लागली की प्रतिसाद लांबतो, आणि पर्याय वाढतील तसा आणखी लांबतो. हे हिक यांनी 1952 मध्येच मोजून दाखवलं. म्हणून निवड आधीच संपवून ठेवा. पुढच्याचा दिवा आणि मान यांचं जुळलं नाही तर ॲक्सिलरेटर सोडायचा, एवढी एकच कृती. डावीकडून काढू की उजवीकडून हा प्रश्नच त्या क्षणी उभा करायचा नाही. रिकाम्या रस्त्यावर मनातल्या मनात याचा सराव करता येतो. आणि उभ्या राहू पाहणाऱ्या वडापला डावीकडून कधीच ओलांडू नका, त्याचं लक्ष कडेच्या प्रवाशात असतं.

रिक्षावाल्यांनाही मी हात जोडून सांगेन. वळून झाल्यावर तसाच लुकलुकत राहिलेला दिवा मागच्याला खोटं सांगत असतो, आणि मागच्याचा मेंदू ते खरं मानतो. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला दोष देण्यापेक्षा हे बोललेलं मला आवडेल.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी विट्याचा. कॉलेजच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळतो. चांगला चढाईपटू उजव्या कोपऱ्याकडं बघतो आणि पाय माझ्याकडं टाकतो. मी हमखास फसतो. सर म्हणतात, त्याच्या डोळ्यांकडं बघू नको, कमरेकडं बघ. पण नजर जातेच. काही उपाय?

उत्तर : तुझे सर बरोबर सांगतात, आणि नजर जातेच हे तूही बरोबर सांगतोस. जर्मनीतल्या कुंडे, स्किर्डे आणि वायगेल्ट यांनी 2011 मध्ये बास्केटबॉलमधली हीच हुलकावणी तपासली. खेळाडू एकीकडे डोकं वळवतो आणि चेंडू दुसरीकडे देतो. बघणाऱ्यांना फक्त चेंडूची दिशा सांगायची होती, डोक्याकडे दुर्लक्ष करायचं होतं. तरी डोकं उलट असलं की उत्तर उशिरा आलं. मुरलेल्या खेळाडूंतही हा परिणाम राहतो, म्हणजे तू कच्चा आहेस असं मुळीच नाही.

पण दोन गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत. पहिली, खोट्या खुणा वारंवार येऊ लागल्या की मेंदू त्या खुणेवरचा भरवसा कमी करतो. सरावात तुझ्या जोडीदाराला सांग की निम्म्या चढायांत नजरेची हूल दे, आणि कधी देणार ते मला कळू देऊ नकोस. चार-दोन वेळा हूल बघून हे साधत नाही, भरपूर वेळा फसावं लागतं. दुसरी, हूल देणाऱ्यालाही ती फुकट मिळत नाही. नजर एकीकडे आणि पाय दुसरीकडे न्यायचा तर त्याच्याही मेंदूला ओढाताण होते आणि तोही किंचित मंदावतो. कमरेचं म्हणशील तर पाय उचलण्याआधी अंगाचा भार दुसऱ्या पायावर जावाच लागतो. भार टाकल्याशिवाय लाथ निघत नाही. डोळे फसवतील, पण गुरुत्वमध्य लपवणं त्याला फार अवघड आहे.

तुझी नजर त्याच्या चेहऱ्यावर जाईल, जाऊ दे. ती तिथून किती लवकर कमरेवर परत आणतोस, एवढंच तुझ्या हातात आहे आणि तेवढं पुरतं.

प्रश्न : पावसाळ्यात आयर्विन पुलावर चारजण कठड्यावरून खाली बघत असले की मी गाडी थांबवून बघतोच. पाण्याची पातळी तर मला मोबाइलवर कळलेली असते. हे काय आहे? — एक व्यापारी, सांगली

उत्तर : न्यूयॉर्कच्या फुटपाथवर स्टॅनली मिलग्राम आणि सहकाऱ्यांनी हे मोजलं, त्यांचा लेख 1969 चा आहे. त्यांचा एक माणूस उभा राहून वरच्या खिडकीकडे बघू लागला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी 4 टक्के त्याच्याजवळ थांबले. पंधरा माणसं बघू लागली तेव्हा 40 टक्के थांबले, आणि चालता चालता मान वर करणारे धरले तर 86 टक्के. खिडकीत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

सांगलीकराला मात्र मी हे वेडेपण म्हणणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, आणि धोक्याची पातळी 45 ची. त्या शहरात चार माणसं एकदम खाली बघत असतील, तर मोबाइलवरचा आकडा जुना झाला असण्याची शक्यता मेंदू धरणारच. आकडा तासापूर्वीचा असतो, माणसांच्या माना आत्ताच्या. बघा, पण गाडी पुलावर थांबवू नका, पलीकडे लावून चालत या.

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. चांदोबा दाखवला तर माझ्या बोटाकडंच बघत बसतो. शेजारणीनं उगीच मनात शंका घातली आहे. — एक आजी, सातारा

उत्तर : आजी, चांदोबा फार लांब आहे, त्याच्यापासून सुरुवात नको. जन्मल्यावर पाच दिवसांच्या आतली बाळंसुद्धा आपल्याकडे थेट बघणाऱ्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतात, हे टेरेसा फारोनी यांनी 2002 मध्ये दाखवलं. पण दुसऱ्याच्या नजरेवरून, बोटावरून पलीकडची वस्तू शोधणं ही पुढची पायरी, आणि ती टप्प्याटप्प्यानं येते. वर्षाच्या आसपास मूल समोरची, जवळची वस्तू शोधतं. पाठीमागची वस्तू शोधायला दीड वर्ष उजाडतं.

घरातच करून बघा. त्याच्याशी डोळे भिडवा, नाव घेऊन हाक मारा, मग दोन हात अंतरावरच्या भांड्याकडे मान वळवा आणि बोटही दाखवा. तो तिकडे बघतो का? हवी ती वस्तू स्वतः बोटानं दाखवतो का? दाखवलेली गंमत तुम्हीही बघितली का, हे तपासायला पुन्हा तुमच्या तोंडाकडे बघतो का? हे शेवटचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. अठरा महिने होऊनही यातलं काहीच दिसलं नाही, किंवा आधी येत असलेलं बंद झालं, तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जायला एक दिवसही लावू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत येऊन तपासतात, तिथेही विचारता येईल. शेजारणीला मात्र यातलं काही ठरवता येणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. आमच्या मालकांना दिवाळीआधी मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. डावा हात-पाय आता बराच सुधारला. पण जेवताना भाकरीचा उजवा अर्धा भाग खातात, डावा तसाच ठेवतात आणि म्हणतात, भाकरी वाढ की. डावीकडून हाक मारली तर उजवीकडं बघतात. डोळे तपासले, दृष्टी चांगली आहे म्हणाले. धाकटे दीर म्हणतात, दादा मुद्दाम करतोय. खरंच मुद्दाम करतात का?

उत्तर : नाही. मुद्दाम करत नाहीत. तुम्ही लिहिलेलं वर्णन इतकं नेमकं आहे की मी ते विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं असतं. याला डॉक्टर निग्लेक्ट म्हणतात, म्हणजे एका बाजूकडे लक्षच न जाणं. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यानंतर हे पुष्कळांना होतं. तुमच्या डॉक्टरांनी तपासून नाव दिलं नसेल, तर हे पत्र जसंच्या तसं त्यांना दाखवा.

डोळ्यांनी दिसणं आणि दिसलेल्याकडे लक्ष जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाची मेंदूत दोन जाळी असल्याचं कॉर्बेटा आणि शुलमन यांनी 2002 मध्ये मांडलं. एक जाळं आपण ठरवू तिकडे लक्ष नेतं, ते दोन्ही बाजूंना आहे. दुसरं मुख्यतः उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि थोडं मागे. अनपेक्षित काही घडलं, कुणी हाक मारली, भांडं पडलं, की हातातलं काम थांबवून लक्ष तिकडे वळवणारं हे दुसरं जाळं. मालकांना झटका बसला तो उजव्याच बाजूला. त्यामुळे डावीकडची हाक कानात शिरते, पण लक्ष उजवीकडून सुटत नाही. पोस्नर यांनी 1984 मध्ये अशाच रुग्णांवर काम केलं. लक्ष एकदा चांगल्या बाजूला गेलं की तिथून सोडवून दुसऱ्या बाजूला न्यायला त्यांना फार वेळ लागायचा.

आणि हे फक्त डोळ्यांपुरतं नसतं. इटलीतल्या मिलान शहरातल्या दोन रुग्णांना बिझियाक आणि लुझ्झात्ती यांनी 1978 मध्ये सांगितलं की तुमच्या ओळखीच्या मोठ्या चौकात, चर्चकडे तोंड करून उभे आहात असं समजा आणि काय काय दिसतं ते सांगा. त्यांनी उजव्या हाताच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून चौकाकडे बघा. तेव्हा आधी गाळलेल्याच इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गळाल्या. मालकांना तासगावच्या गणपतीच्या गोपुरासमोर मनानं उभं केलंत, तर तसंच होऊ शकेल. जन्मभर बघितलेल्या पेठेची डावी बाजू ते सांगणार नाहीत. आठवणीतली डावी बाजू कुणी मुद्दाम कशी गाळेल? दिरांना एवढंच विचारा.

आता घरी काय करायचं. स्वित्झर्लंडमधले पॅट्रिक व्हुइलूमिए यांनी 2002 साली अशा रुग्णांना मधोमध एक चेहरा दाखवला. चेहऱ्याची नजर डावीकडे वळलेली असली की त्यांना डावीकडची वस्तू जास्त वेळा जाणवू लागली. चेहऱ्याऐवजी डावीकडचा बाण दाखवला, तर तसा फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार मोठा वाटतो. इतकं बिघडल्यावरही माणसाच्या नजरेची वाट थोडी उघडी राहते. प्रयोगातला परिणाम क्षणभराचा होता, म्हणून यानं बरं होईल असं मी म्हणणार नाही. पण जेवताना डावीकडे हात करून 'ती बघा भाकरी' असं ओरडण्यापेक्षा त्यांच्या समोर बसा. डोळ्याला डोळा लागू द्या. मग तुमची मान आणि नजर सावकाश भाकरीकडे न्या आणि तिथेच थांबा.

ताटाच्या डाव्या काठाला लाल रंगाची चिकटपट्टी लावा. जेवायच्या आधी डोकं वळवून ती पट्टी शोधायची, मग पहिला घास, असा रोजचा क्रम ठेवा. वर्तमानपत्र वाचत असतील तर पानाच्या डाव्या कडेलाही तशीच पट्टी. थकले असतील त्या दिवशी ताट फिरवून द्या, त्यात काही वाईट नाही. मान वळवून शोधण्याचा व्यायाम ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ, नीट शिकवतात. दृष्टी उजवीकडे सरकवणारे खास चष्मे थोडा वेळ लावून हातानं नेम धरण्याचा सराव करवतात, 1998 पासून त्यावर काम चालू आहे आणि काही रुग्णांना त्याचा उपयोग झाला आहे. मिरजेत मोठी रुग्णालयं आहेत, तिथे या उपचारांची चौकशी करा. पहिल्या महिन्यांत सुधारणेला जास्त वाव असतो, म्हणून द्राक्षं उतरल्यावर बघू असं करू नका.

मोटारसायकल आणि ट्रॅक्टर तूर्त बंद, डॉक्टर लेखी सांगेपर्यंत. बागेकडे चालत जाताना तुम्ही किंवा दीर त्यांच्या डाव्या हाताला राहा, कारण डावीकडून येणारं वाहन त्यांच्या लेखी आलेलंच नसतं. हे काम मी दिरांना देईन. रोज संध्याकाळी भावाच्या डाव्या बाजूनं चालले, चालता चालता बोलत राहिले आणि दादांनी मान वळवून उत्तर देईपर्यंत वाट बघितली, तर तोही व्यायामच आहे.